सरकत्या उतारांवर रडारची नजर: किनारी महामार्गासाठी हाइप-३ सेवा

कॅलिफोर्नियाच्या हायवे १ वर मड क्रीकची दरड २० मे २०१७ रोजी कोसळली. पण तो उतार आधी कित्येक वर्षं हळूहळू सरकत होता आणि उपग्रहांच्या रडारमध्ये ते नोंदलंही गेलं होतं. असे उतार वेळेत हेरायला अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीची हाइप-३ ही मोफत सेवा उत्तम आहे. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या, वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन प्रतिमा निवडायच्या. इंटरफेरोग्राम, म्हणजे मधल्या काळात जमीन किती सरकली ते रंगपट्ट्यांत दाखवणारा नकाशा, त्यांच्या सर्व्हरवर तयार होऊन मिळतो.

पूर्ण प्रतिमेचा पर्याय टाळा. त्यातला पिक्सेल ८० किंवा ४० मीटरचा, शंभर मीटरचा सरकता पट्टा त्यात विरून जातो. बर्स्ट (प्रतिमेचा छोटा तुकडा) पर्यायात लुक्स, म्हणजे सरासरीसाठी एकत्र घेतलेले मूळ पिक्सेल, ५×१ ठेवले की पिक्सेल २० मीटरचा मिळतो. पाण्याचा भाग वगळणारा वॉटर मास्क चालूच ठेवा, समुद्रावर नुसता गोंगाट असतो.

खरी मेख कक्षेच्या निवडीत आहे. पश्चिमेकडे उतरणाऱ्या किनाऱ्यासाठी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी कक्षा घ्या. तिथे रडार पूर्वेकडून पाहतं, त्यामुळे माती खाली आणि पश्चिमेला सरकली की दोन्ही हालचाली उपग्रहापासून दूर जातात आणि त्यांची बेरीज होते. उलट कक्षेत त्या एकमेकींना खोडतात, शिवाय तीव्र उतार प्रतिमेत दबून जातो. उत्तर-दक्षिण सरकणं मात्र दोन्हींत जवळजवळ दिसत नाही.

इंटरफेरोग्राममधली एक रंगपट्टी म्हणजे उपग्रहाच्या दिशेतली २.८ सेंमी हालचाल. दोन प्रतिमांमधल्या १२ दिवसांत शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये १.४ सेंमीहून जास्त फरक पडला की अनरॅपिंग, म्हणजे पट्ट्या मोजून एकूण हालचाल काढणं, चुकतं. म्हणून वर्षाला ४० सेंमीपुढे गेलेला उतार चक्क संथ भासू शकतो. उतार वेग घेत असतानाच ही फसगत होते, त्यामुळे पट्ट्यांची दाटी डोळ्यांनी तपासाच.

किनाऱ्यावरची दमट हवाही खोटी हालचाल दाखवते. संदर्भबिंदू (ज्याच्या तुलनेत हालचाल मोजायची ती स्थिर जागा) जवळच्या, साधारण त्याच उंचीच्या घट्ट खडकावर घ्या. प्रत्येक प्रतिमेची पुढच्या दोन-तीन प्रतिमांशी जोडी लावा. या जोड्यांतून काळानुसार हालचाल काढणारं मिंटपाय हे सॉफ्टवेअर सगळ्या फाइल एकाच चौकटीत कापल्याशिवाय त्या घेत नाही, इथे नवखे हमखास अडतात.

दाट झाडीत कोहेरन्स, म्हणजे दोन प्रतिमांमधला मेळ, घटतो आणि सेंटिनेल-१ च्या ५.५ सेंमी तरंगलांबीला त्यावर उपाय नाही. ३० जुलै २०२५ ला सुटलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहाची २४ सेंमीची लहर तिथे जास्त टिकते.

रस्ता बंद करण्याचा निर्णय यावर सोपवू नका. एका पावसाळी रात्रीत वेग वाढला, तर पुढची प्रतिमा येईपर्यंत उशीर होतो. शंकास्पद उतार सापडले की तिथे जीपीएस आणि कल मोजणारे इन्क्लिनोमीटर बसवायलाच हवेत.