क्लोज्ड-सायकल क्रायोस्टॅट, वर्षभराच्या वापरानंतर: गारवा चोख, आकडा फसवा

पावडर डिफ्रॅक्टोमीटरवरचा (एक्स-किरणांनी पावडरीची स्फटिकरचना तपासणाऱ्या यंत्रावरचा) हा हीलियम क्रायोस्टॅट, म्हणजे तोच हीलियम पुन्हा पुन्हा फिरवून नमुना गार करणारं उपकरण, 12 केल्विनपर्यंत विनातक्रार जातो आणि द्रव हीलियमचा खर्च वाचवतो. सुरुवातीला हे 12 केल्विनच मोठं वाटलं होतं. आता नाही. आमची बरीचशी संक्रमणं (पदार्थाची स्फटिकरचना बदलते ते टप्पे) 80 केल्विनच्या वरची, आणि तिथे पडद्यावरच्या तापमानावर विसंबता येत नाही.

सर्व्हिसवाल्यांचं ठरलेलं उत्तर: कंट्रोलर ±0.1 केल्विनला स्थिर आहे. असेल! पण तापमान मोजणारा डायोड कोल्ड हेडच्या, म्हणजे गार होणाऱ्या टोकाच्या, तांब्यात बसवलाय, पावडरीत नाही. निर्वातात सैल पावडरीतून उष्णता जेमतेम वाहते, वरून खिडकीचं प्रारण पडत राहतं, आणि एक्स-किरण बघतात तो वरचाच, म्हणजे सगळ्यात गरम थर.

तपासायला केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) घ्या. सुमारे 122 केल्विनला ते टेट्रागोनलचं ऑर्थोऱ्हॉम्बिक होतं, म्हणजे स्फटिकाचा चौरस पाया किंचित तिरपा होतो. कॉपर के-अल्फावर (तांब्याच्या नळीच्या नेहमीच्या एक्स-किरणांवर) 34° जवळची (220) रेषा दुभंगते (कंसातले आकडे म्हणजे ती रेषा देणाऱ्या स्फटिक-प्रतलाचं नाव), 23.9° जवळची (200) एकसंध राहते. थर जाड असेल तर जुनी एक आणि नव्या दोन अशा तीन रेषा एकदम दिसतात. त्याला दोन फेजचं (दोन रचनांचं) सहअस्तित्व समजून पेपर लिहू नका, तो बहुधा थरातलाच तापमानातला फरक असतो.

रेषा दुभंगते किंवा पुन्हा जुळते तेव्हा पडद्यावर किती तापमान आहे ते थंड करताना आणि तापवताना, दोन्ही वेळा बघा. दोन्ही आकडे 122 च्या खाली आले तर पावडर कायमच तांब्यापेक्षा गरम आहे. दोघांत अंतर पडलं तर पावडर मागे रेंगाळतेय: मिनिटाला 5 ऐवजी 1 केल्विनने जा, अंतर घटेल. यासाठी बेरियम टायटनेट नको. त्याच्या 183 केल्विनजवळच्या संक्रमणात मुळातच मोठा हिस्टेरेसिस (थंड करताना आणि तापवताना संक्रमणाच्या तापमानात पडणारा फरक) असतो, यंत्राचा दोष त्यात लपून जातो.

उपाय स्वस्त आहे. तांब्याच्या होल्डरवर पावडर अपिझॉन एन या निर्वातात, कमी तापमानाला चालणाऱ्या ग्रीसमध्ये कालवून पातळ थर द्या. ग्रीसचा उंचवटा कमी कोनांकडे येतो, तेवढा सोसायचा. आमच्याकडे एवढ्यानेच केडीपीच्या संक्रमणाचा पडद्यावरचा आकडा 114 वरून 120 वर आला.

22.8°, 24.3° आणि 25.9° वर नव्या रेषा उगवल्या तर तो बर्फ, म्हणजे कुठूनतरी दमट हवा आत येतेय. मधली नेमकी केडीपीच्या (200) ला खेटून येते. ओ-रिंग (झाकणाचं रबरी सील) काढून पुसा, केस किंवा चीर शोधा.

नवीन घेणाऱ्यांनी दुसरा डायोड थेट होल्डरमध्ये बसवून मागावा, आणि तो ऑर्डरमध्येच लिहून घ्यावा. नंतर मागितला तर त्याचं वेगळं कोटेशन येतं.