फड मागवावी की चित्रकथी? छोट्या दालनासाठी

वाचनालयाच्या किंवा सोसायटीच्या दालनात लोकचित्रांचं प्रदर्शन भरवायचं म्हटलं की पहिलं नाव वारलीचं निघतं. वारली मलाही जिवाभावाची आहे, पण ती लोकांच्या पाहण्यातली झाली आहे. थोडी खटपट करायची तयारी असेल तर दोन परंपरांचा विचार जरूर करा: राजस्थानच्या वाळवंटातली पाबूजी या लोकदैवताची फड आणि कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी. दोन्ही गाऊन दाखवायच्या. एक मात्र कापडावरची, सलग आणि लांबलचक. दुसरी सुट्या कागदांची.

आधी फड. साधारण पंधरा फूट लांब, पाच फूट उंच. भिलवाडा आणि शाहपुऱ्याची जोशी घराणी ती रंगवतात. त्यांतल्या श्रीलाल जोशींना 2006 साली पद्मश्री मिळाली. जाडंभरडं सुती कापड खळ देऊन ताठ करतात, दगडाने घोटून गुळगुळीत करतात, मग त्यावर शेंदरी, पिवळा, लाल, हिरवा, निळा असे भरगच्च रंग. बोटभर जागा रिकामी सापडत नाही. जवळ जाऊन पाहा: माणसं एका बाजूने दिसतात, एकमेकांकडे बघतात, आपल्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

पहिल्यांदा फड पाहिली तेव्हा मी डावीकडून उजवीकडे वाचायला गेले आणि पार गोंधळले. कथा त्या क्रमाने नव्हतीच. मधोमध कोळूचा, म्हणजे पाबूजींच्या गावचा दरबार आणि सगळ्यांत मोठे पाबूजी. एका टोकाला लंका. पुतणी केलमला लग्नात दिलेला शब्द पाळायला पाबूजी त्या लंकेहून सांडण्या, म्हणजे उंटिणी, आणतात. म्हणजे चित्रात जागा ठरलेल्या, प्रसंग त्या-त्या जागी दाटीवाटीने मांडलेले. फड हा नकाशाच आहे, उंटावरून मैलोन्‌मैल हिंडणाऱ्यांनी मनात बाळगलेला. मारवाडात उंट आणले ते पाबूजींनी, अशी राईका-रबारी पशुपालकांची श्रद्धा. उंट आजारी पडले की भोपाला, म्हणजे पुजारी-गायकाला, बोलावून फड उघडायची. भोपा रावणहत्था हे तंतुवाद्य वाजवत गातो, त्याची बायको भोपी दिवा धरते आणि गाणं जिथे पोचलं तेवढाच तुकडा अंधारातून वर येतो. त्यांच्यासाठी ते फिरतं देऊळ आहे. पाबूजींचे डोळे चित्रकार सगळ्यांत शेवटी काढतो, त्यानंतर ती फड पूजेची होते.

चित्रकथीत हे सगळं उलट. सुटे कागद, साधारण वहीच्या उघड्या जोडपानाएवढे, दोन-दोन पाठीला पाठ चिकटवलेले. एका आख्यानाचा गठ्ठा म्हणजे पोथी. रामायण-महाभारतातले प्रसंग एकापाठोपाठ एक. ठाकर समाजाचा कथेकरी एकेक पान पुढे धरून गातो. सोबत वीणा, हुडुक (छोटं चर्मवाद्य), टाळ. इथे भूगोलाला काम नाही, पुढे काय होणार ही उत्कंठा आहे. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकलं, याचं मला फार वाईट वाटलं होतं. जुनी चित्रं पाहायची तर पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जा.

आता निवड. सलग अठरा-वीस फुटांची भिंत नसेल तर पूर्ण फडीचा हट्ट धरू नका. बाजारात फडीच्या शैलीतले छोटे तुकडे मिळतात, दिसतातही छान, पण त्यात तो नकाशा उरत नाही. फड आणलीत तर शेजारी एक माणूस उभा करा, हातात काठी घेऊन कुठे काय आहे ते सांगणारा, नाहीतर लोक “रंग किती सुरेख!” म्हणून दोन मिनिटांत पुढे सरकतात. आणि फड गुंडाळायची असते. एका ठिकाणी साडीसारखी घडी घातलेली पाहिली होती मी, घडीवरचा रंग पार तडकला होता.

दालन लहान, मुलांची गर्दी जास्त असेल तर मी डोळे मिटून चित्रकथी म्हणेन. वीस-पंचवीस पानं क्रमाने लावली की पोरं आपोआप वाचत जातात. अडचण एकच, फ्रेममध्ये मागचं चित्र झाकलं जातं. दोन्ही बाजूंनी काच लावून दोरीने टांगा, नाहीतर नव्याने काढलेली एकेरी पानं घ्या. पिंगुळीहून कलाकार येणार असतील तर कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचंही विचारा, त्याच समाजाकडे ती कला आहे.

खर्चाची ओढाताण असली तर चार दिवस चित्रं मांडण्यापेक्षा दोनच दिवस मांडा आणि वाचलेल्या पैशात गाणारा माणूस बोलवा. फड असो वा चित्रकथी, त्या संध्याकाळी मोठे दिवे बंद ठेवा आणि सतरंज्या पुढेच अंथरा.