गिअरबॉक्सचा प्लग अडकलाय: टॉर्क्स, गरम हवा, वेल्डिंग की ड्रिल?

ॲलन की गर्रकन फिरली, प्लगचं षटकोनी भोक गुळगुळीत झालं आणि गाडी जॅकवर लटकलीय. अडकलेला प्लग फिलरचा, म्हणजे ऑइल भरायच्या तोंडाचा, असेल तर आधी ऑइल सोडू नका. नवं ऑइल भरायला तोंडच उरलं नाही, तर गॅरेजपर्यंतही गाडी टोचन करून न्यावी लागेल.

पहिला प्रयोग स्वस्तातला: किंचित मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट भोकात हातोडीने ठोकून बसवायचा. ठोकण्यानेच गंज अर्धा सुटतो. छिन्नी मात्र नको. ती घसरली की थेट केसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचावर, बसते, आणि ॲल्युमिनियमचा टवका उडाला की प्लगचं दुखणं परवडलं म्हणाल.

सोबत हीट गन घ्या, पण गरम करायचं प्लगभोवतीचं केसिंग, प्लग नव्हे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पकड सैल होते. गॅसची ज्योत मी लावत नाही; जवळच ऑइल सील असतं आणि सगळीकडे तेलाचा राप.

एवढ्यावर हलला नाही, तर माझं मत वेल्डिंगला. प्लगवर नट ठेवून आतून मिगने (तार वितळवून करायचं वेल्डिंग) भरायचा. पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही. प्लग आधी लालबुंद होतो, मग थंड होताना आकसतो. दोन मिनिटं थांबून पान्हा लावला की बहुतेक वेळा 'कट्' असा आवाज येतो आणि प्लग सुटतो. आधी बॅटरीच्या वायरी काढा, तेल पुसून घ्या, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. आणि हो, प्लगला चुंबक लावून बघा. चिकटला नाही, म्हणजे बहुधा पितळ किंवा ॲल्युमिनियम; मग हा उपाय बाद.

ड्रिल आणि इझी-आउट (ड्रिल केलेल्या भोकात उलटा फिरवून प्लग बाहेर काढायचा कडक बिट) सगळ्यात शेवटी. माझा इझी-आउट आतच तुटला होता. तो इतका कडक, की साधं ड्रिल त्यावर नुसतं किंचाळतं. शेवटी गिअरबॉक्स उतरवून मशीन शॉपमध्ये न्यावा लागला. शिवाय ड्रिलचा चुरा आत पडतो तो वेगळाच. फक्त आटे गेले असतील, तर हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून भागतं.

नवा प्लग घ्यायला पुण्याच्या नाना पेठेत जाताना जुना सोबत न्या. दीडचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) आणि सव्वाचा पिच नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. बसवताना पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवा.