रेडिसचा स्लोलॉग: आठ महिने वापरल्यावर

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांवर चालतं. शेतकरी किटली घेऊन येतो, दूध मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतं, पावती निघते. हे सगळं पहाटे साडेपाच ते आठ आणि मग पुन्हा संध्याकाळी. मधल्या वेळात सर्व्हर माश्या मारतो. चालू पाळीचा हिशोब रेडिसमध्ये (माहिती मेमरीत ठेवणारा वेगवान डेटाबेस), कायमचा मायएसक्यूएलमध्ये (डिस्कवरचा नेहमीचा डेटाबेस), अशी वाटणी आहे.

गेल्या पावसाळ्यात फोन सुरू झाले. "साहेब, पावतीला नुसती चक्री फिरतेय, रांग रस्त्यावर गेलीय." आम्ही आधी गावातल्या नेटवर्कवर खापर फोडलं, ते नेहमीच सोपं असतं. मग मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे रेंगाळलेल्या मागण्यांची नोंदवही, चाळला, तर तो कोरडा ठणठणीत. रेडिसकडे कुणी बघितलंच नाही, कारण रेडिस वेगवान असतो हे सगळ्यांना पाठ. शेवटी एका मित्राने विचारलं, "स्लोलॉग बघितलास का?" रेडिसला असलं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.

असतं, आणि ते मुळातच चालू असतं. मायएसक्यूएलचा लॉग मुद्दाम चालू करावा लागतो, हा नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळ खाणारी प्रत्येक कमांड रेडिस मेमरीतल्या एका यादीत टाकतो. 'स्लोलॉग गेट' म्हटलं की शेवटच्या १० नोंदी समोर येतात. नोंदीत क्रमांक, वेळ, किती मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग) लागले आणि कमांडीचा मजकूर असतो. आवृत्ती ४.० पासून कुठल्या क्लायंटने (रेडिसला जोडलेल्या प्रोग्रॅमने) दिली त्याचा पत्ता आणि नावही.

वरचा 'मायक्रोसेकंद' हा शब्द नीट वाचा, मी वाचला नव्हता. मर्यादेपुढे १०,००० हा आकडा दिसला. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १० सेकंदांची, म्हणून वाटलं की हेही १०,००० मिलिसेकंद, म्हणजे तेच १० सेकंद. एवढी ढिली मर्यादा कशाला, म्हणून मी ती १० केली. प्रत्यक्षात मूळची मर्यादा १० मिलिसेकंदांची होती आणि मी ती १० मायक्रोसेकंदांवर आणून ठेवली. यादीत मुळात १२८ नोंदींचीच जागा. ती काही क्षणांत साध्यासुध्या कमांडींनी भरायची, जुनं वाहून जायचं, आणि मी दोन दिवस त्या निष्पाप नोंदींत गुन्हेगार शोधत बसलो.

मर्यादा पूर्ववत केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पाहिलं. १२८ च्या १२८ नोंदी एकाच कमांडीच्या: 'कीज'. प्रत्येकीला दोन लाखांहून जास्त मायक्रोसेकंद, म्हणजे दोनशे मिलिसेकंदांच्या वर. केंद्राच्या सचिवांच्या पडद्यावर 'आज किती जणांनी दूध घातलं' हा आकडा दिसतो. तो काढायला आमच्याच कुणीतरी (बरं, मीच) केंद्राच्या नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या की (रेडिसमध्ये माहिती ज्या नावाखाली ठेवतात ते नाव) शोधून मोजल्या होत्या. 'कीज' नमुना जुळवताना सगळ्या की तपासते, तुमच्या कामाच्या असोत वा नसोत. जुन्या की आपोआप मुदतबाह्य होतील अशी सोय केलीच नव्हती, त्यामुळे त्या सहा लाखांवर गेल्या होत्या. १४० केंद्रं, दर मिनिटाला एकदा ताजा आकडा. सेकंदाला दोनहून अधिक 'कीज', म्हणजे रेडिसचा निम्मा वेळ यातच जात होता.

रेडिस कमांडी एका वेळी एकच चालवतो. केंद्रावर काटा एकच असतो, तसं. एकाने पाच किटल्या आणल्या की मागचे अर्धा लिटरवालेही थांबतात. स्लोलॉग काट्यावरचा वेळ मोजतो, रांगेत उभं राहिलेला मोजत नाही. म्हणूनच तक्रार पावतीची होती, पण पावतीची एकही कमांड यादीत नव्हती. अडकतो तो यादीत दिसत नाही, अडवणारा दिसतो. हे कळायला मला महिना लागला.

उपाय साधाच निघाला. प्रत्येक केंद्राच्या प्रत्येक पाळीसाठी एक सेट (एक नाव एकदाच राहतं अशी यादी) ठेवला, शेतकऱ्याचा क्रमांक त्यात टाकायचा आणि आकडा हवा तेव्हा 'एसकार्ड'ने घ्यायचा. सेटमध्ये किती जण आहेत हे रेडिसला आधीच ठाऊक असतं, मोजावं लागत नाही. बऱ्याच जणांनी 'कीज'ऐवजी 'स्कॅन' सुचवला होता, तो की थोड्या थोड्या करून तपासतो. त्याने काटा अडून राहत नाही हे खरं, पण एकूण श्रम तेवढेच पडतात आणि एखादी की दोनदा येऊ शकते. मोजणीसाठी ते नकोच.

त्यानंतर महत्त्वाचं सापडलं ते रात्रीच्या साफसफाईत. मागच्या दहा दिवसांचा मोठा हॅश (एकाच कीखालचा अनेक फील्डांचा तक्ता) 'डेल'ने उडवायचो, त्यालाही शेकडो मिलिसेकंद लागत. त्याऐवजी 'अनलिंक' केलं आणि प्रश्न मिटला, ती मेमरी मागच्या मागे मोकळी करते.

आता तक्रारी, कारण आठ महिन्यांत त्याही साठल्या आहेत.

यादी मेमरीत असते. सर्व्हर पुन्हा सुरू केला की गेली. आणि गडबड होते तेव्हा पहिला उपाय म्हणून सर्व्हरच पुन्हा सुरू करतात! १, ११ आणि २१ तारखेला दुधाची बिलं निघतात. एका ११ तारखेला मी उठेपर्यंत बिलांच्या कमांडींनी पहाटेच्या सगळ्या नोंदी बाहेर ढकलल्या होत्या. आता यादीची जागा १०२४ नोंदींची केली आहे आणि एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला नव्या नोंदी फाइलमध्ये उतरवते. नोंदींचे क्रमांक वाढतच जातात, त्यामुळे नवं-जुनं ओळखणं सोपं आहे. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ते पहिल्यापासून चालू होतात, एवढं लक्षात ठेवा. वेळही युनिक्स सेकंदांत असते, ती भारतीय वेळेत आणणं आपल्यावर.

दुसरं, नोंदीत कमांडीचा मजकूर काही न झाकता उघडा असतो. मी एकदा उत्साहाने स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. त्यात शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर होते. काढला, पण तोवर चौघांनी पाहिला होता.

आणि सर्वांत फसवा प्रसंग म्हणजे रिकामा स्लोलॉग. डिसेंबरमध्ये बिलांचं पान पुन्हा रखडू लागलं, पण यादीत काहीच नाही. अख्खा हॅश एकदम मागवणारं 'एचगेटऑल' सहा-सात मिलिसेकंदांत आटपत होतं, म्हणजे मर्यादेच्या आत. पण उत्तर चार एमबीचं होतं, आणि ते तारेवरून पलीकडे पोचायला लागणारा वेळ स्लोलॉग धरतच नाही. लागणारी तेवढीच फील्डं 'एचएमगेट'ने मागवल्यावर पान सुटलं. रेडिसपासून फुटून निघालेल्या व्हॅल्कीने आवृत्ती ८.१ मध्ये 'कमांडलॉग' आणला आहे. त्यात मोठ्या मागण्या आणि मोठी उत्तरंही वेगळी नोंदवता येतात. ते आमच्याकडे असतं तर माझे चार दिवस वाचले असते. बॅकअपसाठी स्वतःच्या चालू प्रोसेसची दुसरी प्रत काढताना (फोर्क) रेडिस क्षणभर थबकतो, तेही स्लोलॉगमध्ये येत नाही. त्यासाठी 'लेटन्सी मॉनिटर' हे वेगळं साधन आहे आणि ते आपण चालू करावं लागतं.

नवीन कुणी लावणार असेल तर एक काम पहिल्याच दिवशी करा: प्रत्येक क्लायंटला 'क्लायंट सेटनेम'ने नाव द्या. आमच्याकडे 'पावती', 'पडदा' आणि 'बिल' अशी तीन आहेत. नाव नसेल तर नोंदीत नुसता आयपी आणि पोर्ट दिसतो, मग तो कुठल्या प्रोग्रॅमचा हे शोधत बसावं लागतं. आणि 'कॉन्फिग सेट'ने मर्यादा बदलली तर 'कॉन्फिग रीराइट' विसरू नका, नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू होताच जुना आकडा परत येतो.

सध्या मर्यादा ५,००० मायक्रोसेकंदांवर आहे. दिवसाला दहा-बारा नोंदी येतात, बहुतेक एकाच लुआ स्क्रिप्टच्या (रेडिसच्या आतच चालणारा छोटा प्रोग्रॅम). अख्ख्या स्क्रिप्टची एकच नोंद होते, आतलं काय रेंगाळलं ते कळत नाही. शिवाय प्रत्येक मजकूर १२८ बाइटांवर कापला जातो, आणि आमच्या स्क्रिप्टचे पहिले १२८ बाइट म्हणजे 'ही स्क्रिप्ट बदलण्याआधी मला विचारा' ही माझीच टीप. ती मी काल फाइलच्या तळाशी हलवली.