मालागात जेवायला कुठे जायचं: सेंट्रो की एल पालो?

दक्षिण स्पेनमधल्या मालागात राहत असल्यामुळे ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले, आंदालुसियाची ट्रिप आखणारे सगळे हमखास एकच विचारतात, ग्रानादा-सेविया झालं की मालागात दोन-तीन रात्री आहेत, तर जेवायला कुठे जाऊ? अल्काझाबा किल्ला, पिकासो म्युझियम हे सगळं लोकांनी आधीच पाठ केलेलं असतं, पण जेवणाचं कुणालाच ठरवता येत नाही, कारण मॅपवर सेंट्रोतच शंभर ठिकाणं दिसतात आणि सगळ्यांना साडेचारच्या वर स्टार. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

माझ्या मते चॉइस दोनच आहेत. एक म्हणजे सेंट्रो, म्हणजे काये लारिओस, काये ग्रानादा, अतारासानास मार्केट, प्लासा दे ला मेर्सेद हा सगळा पायी फिरायचा जुना भाग. दुसरा म्हणजे पूर्वेकडचा किनारा, पेद्रेगालेहो आणि त्याला लागून एल पालो, जिथे जुन्या कोळीवाड्यांची बैठी घरं समुद्राला लागून आहेत आणि त्यांच्यासमोर वाळूत चिरिंगितो, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळी. बंदरावरचं मुएये उनो मी धरतच नाही, मुलांना पिझ्झा हवा असेल तर ठीक आहे. पश्चिमेला उएलिनचा किनाराही चांगला आहे, पण दोन-तीन दिवसांसाठी आलेल्या माणसाने तिसरा पर्याय डोक्यात घेऊ नये.

सेंट्रोबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच खूप आहे. सकाळी साडेअकरा-बाराला अतारासानास मार्केटला जा. दरवाजा बघाल तो चौदाव्या शतकातल्या, नास्री या मुस्लिम राजवटीच्या काळातल्या जहाजबांधणीच्या गोदीचा, पांढऱ्या संगमरवराची घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान आहे, मागचं लोखंडी मार्केट १८७९ मध्ये पुरं झालं, होआकिन रुकोबा नावाच्या आर्किटेक्टचं. आत मासळीच्या ओट्यांपासून चार पावलांवर छोटे बार आहेत, तिथे उभ्याउभ्या तळलेले बोकेरोनेस (मांदेलीसारखे छोटे मासे), कोळंबी, माकूल असं काहीही सांगायचं आणि एक थंड कान्या, म्हणजे बिअरचा छोटा ग्लास, घ्यायची. ज्यांना मासळीबाजारात फिरायला आवडतं त्यांनी हे चुकवू नका. फक्त दुपारी तीनच्या आसपास सगळं आवरतं आणि रविवारी मार्केट बंद, म्हणजे हे रात्रीच्या जेवणाचं उत्तर नाही.

मग आलामेदा या मोठ्या रस्त्यावरचं आंतिग्वा कासा दे ग्वार्दिया, १८४० पासूनचं. बसायला काही नाही, भिंतीला लागून पिंपं, पिंपातून थेट ग्लासात मालागाची गोड वाइन, मोस्कातेल किंवा पेद्रो हिमेनेस, आणि तुमचा हिशोब समोरच्या लाकडी काउंटरवर खडूने लिहितात, दुसरा ग्लास घेतला की खाली दुसरा आकडा, पैसे दिले की ओल्या फडक्याने पुसून टाकतात. जेवणाआधी अर्धा तास इथे गेला तर संध्याकाळ छान सुरू होते. एल पिंपी तर सगळ्यांच्या लिस्टवर असतंच, १९७१ पासून आहे, आंतोनियो बांदेरासची त्यात भागीदारी आहे, अंगणात बसलं की समोर अल्काझाबा. गर्दी असते पण जागा सुंदर आहे, मी पाहुण्यांना घेऊन जातो.

आणि शाकाहारी लोकांसाठी सेंट्रोच, यात मला अजिबात शंका नाही. वांग्याचे तळलेले काप, वर उसाची काकवी घातलेले, बेरेनहेनास कोन मिएल म्हणतात, ते जवळपास सगळीकडे मिळतात आणि आपल्याकडच्या माणसाला पहिल्या घासात आवडतात. काकवी म्हणतोय ती खरोखरची काकवी, जवळच फ्रिहिलियाना गावात अजून बनते. आहोब्लांको, म्हणजे बदाम-लसणाचं थंड सूप वर द्राक्षं घालून, उन्हाळ्यात रोज प्यावं असं आहे. तोर्तिया म्हणजे बटाटा-अंड्याचं ऑम्लेट, भाजलेल्या मिरच्या, टोमॅटोचं घट्ट थंड सूप पोर्रा. एक लक्षात ठेवा, पोर्रा किंवा तसंच साल्मोरेहो मागवताना हॅम आणि टुना नको हे आधीच सांगायचं, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही कारण वर हॅमचे चार तुकडे टाकणं हे इथे कोथिंबीर पेरण्याइतकं सहज होतं. सेंट्रोत वेटरला हे इंग्लिशमध्ये सांगता येतं, किनाऱ्यावर दरवेळी येईल असं नाही, आणि तिथे बहुतेक सगळं एकाच तेलात तळलेलं असतं. घरचे कडक शाकाहारी असतील तर पुढचं वाचा जरूर, पण टेबल सेंट्रोतच बुक करा.

आता किनारा. तिथे जायचं ते एस्पेतोसाठी. एस्पेतो म्हणजे बोरूच्या चिरलेल्या काडीत ओवलेल्या तारल्या, साधारण सहा. वाळूत एक जुनी होडी ठेवलेली असते, आत वाळू भरलेली आणि त्यावर ऑलिव्हच्या लाकडाचा जाळ. काडी माशाच्या काट्याखालून घालतात म्हणजे भाजताना मऊ झालेला मासा काट्याच्या आधारावर राहतो, गळून पडत नाही. वर फक्त खडेमीठ, तेल नाही, लिंबू नाही, मसाला तर नाहीच. मग ती काडी जाळावर न ठेवता जाळाशेजारी वाळूत तिरकी खोचतात आणि एस्पेतेरो, म्हणजे भाजणारा माणूस, वारा बघत राहतो, वारा फिरला की काड्यांची जागा बदलतो, कारण मासा निखाऱ्याच्या धगीने भाजला पाहिजे, धुराने नाही. पाठीची साल फुगून फोड आले, चरबी वाळूत टपकायला लागली की एकदा फिरवायचं आणि उचलायचं. मी कोकणातला, तारली म्हणजे तिखट-त्रिफळाचं तिकलं किंवा तव्यावर कडक असं डोक्यात बसलेलं, पण नुसत्या मिठावर हा मासा इतका गोड लागतो हे मला इथे कळलं.

स्पॅनिश महिन्यांच्या ज्या नावांत र नाही, म्हणजे मे ते ऑगस्ट, तेव्हा खायचं असं लोक सांगतात, तेव्हा तारली चरबी धरते. त्याबाहेर आलात तरी जा, मग त्याच होडीवर भाजलेला दोरादा मासा किंवा माकूल सांगा. बोकेरोनेस आपल्या मांदेलीच्या नात्यातले, पिठात घोळून पाच-सहांच्या शेपट्या एकत्र चिकटवून पंख्यासारखे तळतात, मालागाच्या लोकांचं टोपणनावही तेच, बोकेरोनेस. कोकिनास मिळाल्या तर सोडू नका, लसूण आणि वाइनमधल्या बारीक शिंपल्या, रस्सा पावाने पुसून खायचा. अख्खा मोठा मासा सांगताना मात्र सांभाळून, मेन्यूवर तो वजनावर असतो, आधी मासा दाखवायला सांगा आणि किती होईल ते विचारा, कुणी वाईट मानत नाही.

एल पालोच्या टोकाला एल तिंतेरो आहे, तिथे मेन्यूच मागायचा नाही, वेटर हातावर ताटल्या घेऊन पदार्थाचं नाव ओरडत फिरतात, हवं असेल तर हात वर करायचा, आणि शेवटी टेबलावरच्या रिकाम्या ताटल्या मोजून बिल होतं. शांतपणे बोलायचं असेल तर ही जागा नाही, पण मोठा ग्रुप आणि बरोबर मुलं असतील तर सगळ्यांना आवडते.

किनाऱ्याचे तोटेही आहेत. मेट्रो २०२३ पासून सेंट्रोत अतारासानासपर्यंत आली खरी पण पूर्वेला जात नाही, त्यामुळे ११ किंवा ३४ नंबरची बस, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ती भरलेली असते. हिवाळ्यात आडवारी रात्री निम्मं सामसूम. कपड्यांना धुराचा वास लागतो. उन्हाळ्यात तेर्राल सुटला, म्हणजे जमिनीकडून येणारा तो कोरडा गरम वारा, की बाहेर बसवत नाही, अगदी समुद्रासमोर असून. भाव म्हणाल तर एस्पेतो स्वस्त, पण चार जणांनी कोळंबी-शिंपल्या सांगितल्या की बिल सेंट्रोइतकंच होतं, त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून एल पालोला जाऊ नका.

हे सगळं मांडलं तर खरं तर बरोबरीत सुटेल असं वाटतं ना? मलाही पहिले बरेच महिने तसंच वाटायचं, आणि अंतर कमी म्हणून मी सेंट्रोतच जास्त जायचो. माझा कल फिरला तो एका गोष्टीमुळे आणि तिचा चवीशी संबंध नाही. सेंट्रोतल्या बऱ्याच रेस्टॉरंटमध्ये आता टेबलाला पाळ्या असतात. बुकिंग केलं की खाली बारीक अक्षरात एक ओळ, टेबल अमुक वाजेपर्यंत तुमचं. पुण्याहून आई-बाबा आले होते तेव्हा एका चांगल्या, नाव असलेल्या ठिकाणी साडेआठचं टेबल घेतलं होतं. जेवण उत्तम, काहीच तक्रार नाही. जेवण झालं, आई खुर्चीत जरा मागे रेलली, बाबा त्यांच्या नोकरीतल्या पहिल्या बदलीची गोष्ट सांगायला लागले, जी मी आधी कधी ऐकली नव्हती, आणि तेवढ्यात वेटर न मागता बिल आणि कार्डाचं मशीन घेऊन आला. अगदी हसून, नम्रपणे. मागे दाराशी पुढचं कुटुंब उभं, आमच्या टेबलाकडे बघत. बाबा बोलता बोलता थांबले आणि उठले, आणि रस्त्यावर आल्यावर ती गोष्ट पुढे सरकलीच नाही.

ज्यांनी इथे जरा दिवस काढलेत त्यांना हे का खुपतं ते कळेल. स्पेनमध्ये तुम्ही मागितल्याशिवाय बिल येत नाही, हीच तर इथल्या जेवणाची सगळ्यात मोठी गंमत आहे, जेवण दोनला सुरू होतं आणि चार-साडेचारला लोक कॉफी घेऊन अजून बसलेलेच असतात. आपल्याकडेही पंगत उठल्यावर हात वाळेपर्यंत गप्पा चालतात, त्यामुळे मराठी माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. सेंट्रोतल्या मालकांची अडचण मला समजते, बाहेरच्या टेबलांना जागा मोजून दिलेली, बंदरात क्रूझ लागली की गल्ल्या भरून जातात, भाडी वाढलेली, पाळ्या लावल्याशिवाय कदाचित त्यांचं गणित बसत नसेल. पण दिवसभर चालून थकलेल्या आई-बाबांना घेऊन मी घड्याळ बघत जेवायला बसू इच्छित नाही, आणि घड्याळ बघायचं नसेल तर सेंट्रोत कुठे पाळ्या आहेत, कुठे नाहीत हे दरवेळी शोधत बसावं लागतं, हे मला नको असतं.

एल पालोत मला अजून कुणी उठवलेलं नाही. रविवारी दुपारी टेबलासाठी थांबावं लागतं, कधी कधी चांगलंच, पण एकदा बसलात की टेबल तुमचं. शेजारी तीन पिढ्या बसलेल्या असतात, मुलं वाळूत पळतात, परत येऊन एक घास खातात, परत पळतात. आणि तारली हातानेच खायची. १८८४ च्या नाताळात इथे मोठा भूकंप झाला, त्यानंतर राजा बारावा आल्फोन्सो १८८५ च्या जानेवारीत पाहणीला आला, तेव्हा पालोत मिगेल मार्तिनेस सोलेरने त्याला एस्पेतो वाढले, राजाने काटा-सुरी उचलली तर मिगेल म्हणाला, महाराज, असं नाही, बोटांनी, असं इथे सगळे सांगतात. माझ्या आईने काही न सांगता बोटांनीच खाल्लं, माशाचा काटा सरळ उपसून ताटलीच्या कडेला ठेवला, आणि बाजूच्या टेबलावरच्या आजीबाईंनी मान डोलावली.

तर ज्याला एकच संध्याकाळ आहे, उशीर झालाय, शाकाहारी सोबत आहेत किंवा हॉटेल सेंट्रोत आणि पाय दुखतायत, त्याने सेंट्रोतच जेवावं, उगाच मन खट्टू करून घेऊ नये. टेबल घेताना पाळीची वेळ विचारा, आणि जमलं तर रात्रीची शेवटची पाळी घ्या, दहानंतरची, मागे कुणी नसतं. ज्याच्याकडे एक मोकळी दुपार आहे आणि मासे खाणारी माणसं आहेत, त्याने ती दुपार एल पालोला द्यावी असं मला वाटतं. तुमची आवड वेगळी असू शकते, पण मला एकच जेवण निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन.

आलामेदावरून ११ नंबर पकडा, पेद्रेगालेहोला उतरा आणि समुद्र उजवीकडे ठेवून पालोपर्यंत चालत या, वाटेत डोळे रंगवलेल्या लांब हाबेगा होड्या दिसतील. दोनच्या आत पोचा म्हणजे टेबल मिळतं. होडीत जाळ पेटलेला आहे आणि भोवती स्पॅनिश बोलणारी कुटुंबं बसलीत अशी कुठलीही जागा चालेल. बसल्या बसल्या माणशी एक एस्पेतो सांगून टाका, बाकीचं नंतर ठरवा. पाणी नळाचं मागा, २०२२ च्या कायद्यानुसार ते फुकट द्यावंच लागतं. सोमवार टाळा, रविवारी बोटी जात नाहीत आणि बरेच चिरिंगितो त्या दिवशी बंदच ठेवतात.