हजार रुपयांच्या आतला ओबीडी ॲडॉप्टर: ॲव्हरेजचा आकडा आणि त्यापलीकडचे

सध्याच्या बहुतेक गाड्यांमध्ये स्टेअरिंगच्या खाली, पेडलांच्या थोडे वर, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक आपला स्कॅनर जिथे जोडतो, तेच हे ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीची स्वतःची तपासणी यंत्रणा) पोर्ट. त्यात बसणारा काडेपेटीएवढा ब्लूटूथ ॲडॉप्टर ऑनलाइन किंवा ॲक्सेसरीजच्या दुकानात हजार रुपयांच्या आत मिळतो, आणि मोबाईलवर ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’ यांसारखे ॲप घेतले की इंजिनाचे फेरे, वेग, कूलंटचे तापमान आणि त्या क्षणाला गाडी किती ॲव्हरेज देते आहे हे सगळे समोर दिसू लागते. माझ्या १.२ लिटरच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये हा ॲडॉप्टर कोल्हापूर शहरात, महामार्गावर आणि पन्हाळ्याच्या चढावर पुरेसा वापरून झाल्यानंतरचे हे परीक्षण आहे. ॲव्हरेजचा आकडा कळावा एवढ्यासाठीच कोणी हे यंत्र घेणार असेल, तर त्याने खालचा भाग वाचूनच पैसे मोजावेत.

जोडणी सोपी आहे. इग्निशन चालू करून ब्लूटूथवर ॲडॉप्टर शोधायचा, १२३४ किंवा ०००० हा पिन द्यायचा आणि ॲपमध्ये तो निवडायचा. बाजारातले बहुतेक स्वस्त नग हे ईएलएम ३२७ या कॅनेडियन चिपच्या नकला आहेत आणि त्यांच्या दर्जाचा काही भरवसा देता येत नाही. मला मिळालेला पहिला नग गाडी खडबडीत रस्त्यावर आली की जोडणी सोडायचा. तो परत करून त्याच किमतीचा दुसरा घेतला आणि तो मात्र विनातक्रार चालला. डब्यावर छापलेल्या आवृत्तीच्या क्रमांकाला फारसा अर्थ नसतो, तेव्हा खरेदी करताना परत करण्याची मुदत पाहणे अधिक शहाणपणाचे.

आता मूळ मुद्दा. ॲपवर दिसणारे ॲव्हरेज हे मोजलेले नसते, ते काढलेले असते. पेट्रोल किती वाहिले हे थेट सांगणारी नोंद ओबीडीच्या यादीत आहे, पण पुष्कळशा गाड्या ती पुरवतच नाहीत. त्यामुळे ॲप इंजिनात शिरणाऱ्या हवेवरून पेट्रोलाचा अंदाज बांधते. काही गाड्यांत हवेचे वजन मोजणारा सेन्सर असतो, तर अनेक लहान पेट्रोल गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून हवेचाही हिशेबच करावा लागतो, म्हणजे अंदाजावर आणखी एक अंदाज चढतो. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, हे प्रमाण या गणिताचा पाया आहे. परंतु आज पंपावर मिळणारे पेट्रोल शुद्ध नाही. देशाने २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले, आणि अशा मिश्रणाला सुमारे १३.५ भाग हवाच पुरते. ॲपला हे सांगितले नाही तर ते तेवढ्याच हवेवरून कमी पेट्रोल जळाल्याचे गृहीत धरते आणि ॲव्हरेज सात-आठ टक्क्यांनी फुगवून दाखवते.

इथेनॉलचा विषय कोल्हापूरकराला परका नाही. ऊस आपला, कारखाने आपले, आणि त्यांच्या आसवन्यांतून निघालेले इथेनॉल पुन्हा आपल्याच टाकीत येते. शेतकऱ्याच्या उसाला त्यातून आधार मिळत असेल तर तक्रार नाही. मात्र इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, ही गोष्ट बदलत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या चारचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी, तर त्या मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे एक-दोन टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. म्हणून ‘गाडी पूर्वीसारखी देत नाही’ अशी कुरकुर करत इंजिन उघडायला लावण्याआधी एवढा हिशेब मनात असावा.

तेव्हा खरे ॲव्हरेज काढायचे तर जुनी रीतच कामाची: टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची, पुन्हा फुल करायची आणि कापलेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागायचे. नोझल आपोआप बंद झाल्यावर थांबायचे; ‘राउंड फिगर करू का?’ या प्रश्नाला नम्र नकार द्यायचा, कारण त्यानंतर ढोसलेले पेट्रोल हिशेब तर बिघडवतेच, शिवाय वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरपर्यंत पोहोचू शकते. शक्यतो पंप तोच आणि गाडी उभी करण्याची जागाही तीच ठेवावी, कारण उतारावर उभ्या गाडीची टाकी वेगळ्या पातळीला भरते. पंपाच्या मापाविषयी शंका असेल तर तिथे पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहकाला ते भरून पाहण्याची मागणी करता येते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तूट-वाढ नियमात चालते. नोंदी ठेवायला ‘फ्युएलिओ’ हे ॲप उत्तम आहे. तारीख, मीटर, लिटर आणि दर भरले की आलेख तयार होतो. ओबीडीच्या ॲपमध्येही दुरुस्तीचा गुणक देण्याची सोय असते. काही टाक्यांच्या सरासरीवरून तो ठरवला की पडद्यावरचा आकडा बऱ्यापैकी खरा बोलू लागतो. कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी मात्र त्याची तुलना करू नये. तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगांच्या चक्रात काढलेला असतो, आणि त्या रोलरवर दसरा चौकाचा सिग्नल लागत नाही.

एवढे सगळे करून आकडा शेवटी पंपावरच मिळणार असेल, तर ॲडॉप्टर हवा कशाला? मला त्याचे उत्तर पन्हाळ्याच्या रस्त्यावर मिळाले. कोल्हापूरपेक्षा पन्हाळा सुमारे ४०० मीटर उंच आहे. माणसांसह टनभराची गाडी तेवढी वर न्यायला, रस्त्याचे अंतर बाजूला ठेवले तरी, जवळपास अर्धा लिटर पेट्रोल लागते. वाघबीळ सोडून चढ सुरू झाला की दुसऱ्या गिअरमध्ये तात्काळ ॲव्हरेज पाच-सहावर येते. यात नवल काही नाही. खरी शिकवण उतरताना मिळते. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचते, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की जुने ड्रायव्हर ती नवशिक्यांना कौतुकाने शिकवतात. ॲपमध्ये ‘फ्युएल सिस्टिम स्टेटस’ नावाची एक नोंद आहे. तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून उतरताना फेरे दोन-अडीच हजारांवर असतात, इंजिन आवाज करते, आणि ही नोंद सांगते की वेग कमी होत असल्यामुळे इंधन तोडलेले आहे. म्हणजे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद. चाकेच इंजिन फिरवत आहेत. त्याच जागी न्यूट्रल केले तर फेरे साडेसातशे-आठशेवर येतात, आवाज शांत होतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून इंजेक्टर पुन्हा पेट्रोल सोडू लागतात. थोडक्यात, न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त जळते आणि इंजिनाचा ब्रेक गेल्यामुळे सगळा भार ब्रेकच्या पॅडवर येतो तो वेगळाच.

इथेच ॲपची आणखी एक मेख आहे. इंजेक्टर बंद असले तरी इंजिनातून हवा जातच असते, त्यामुळे हवेवरून हिशेब करणारे ॲप उतारावरही थोडे पेट्रोल जळाल्याचे लावत राहते. सेटिंगमध्ये इंधनतोड ओळखण्याचा पर्याय असेल तर तो चालू करावा. नाहीतर इथेनॉलमुळे आकडा एका बाजूला आणि घाटामुळे दुसऱ्या बाजूला ओढला जातो.

शहरात हे यंत्र दाखवते ते अधिक नीरस, पण खिशाला अधिक लागणारे असते. माझी गाडी नुसती उभी असताना तासाला ०.६ ते ०.८ लिटर जाते, एसी लावला की त्याहून जास्त. महाद्वार रोडला बायकोची खरेदी होईपर्यंत इंजिन चालू ठेवून दहा मिनिटे थांबले तर सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल जागच्या जागी संपते. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून मग करकचून ब्रेक मारण्याऐवजी लवकर पाय काढला, तर तिथेही घाटासारखीच इंधनतोड होते, आणि ती पडद्यावर दिसली की सवय बदलायला कोणी सांगावे लागत नाही.

महामार्गावर वेगाचा हिशेब कडक आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० ला गेलो की तो दीडपटीहून अधिक होतो. सपाट पट्ट्यात क्रमाने हे दोन्ही वेग धरून पाहिले तर फरक स्पष्ट दिसतो. अर्थात सहापदरीकरणाच्या कामामुळे कागल ते सातारा या टप्प्यात सपाट, मोकळा पट्टा मिळणे हेच भाग्य म्हणायचे, आणि गाळप हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो की गिअर खाली घ्यावाच लागतो.

टायरमधल्या हवेबद्दल मात्र हा ॲडॉप्टर काही बोलत नाही, आणि ॲव्हरेज सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब, सकाळी, टायर थंड असताना पाहावा. नायट्रोजनसाठी जादा पैसे देण्याची गरज मला वाटत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. एअर फिल्टर वेळेवर बदलावा, परंतु त्याने ॲव्हरेज उसळी घेईल ही अपेक्षा कार्बोरेटरच्या काळातली आहे. आजचे इंजिन आत येणाऱ्या हवेप्रमाणेच पेट्रोल सोडते.

खरेदी करताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. याच आकाराचे, याच सॉकेटमध्ये बसणारे ‘पेट्रोल वाचवणारे’ प्लग ऑनलाइन विकले जातात. त्यांत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काही नसते आणि ते इंजिनाशी बोलतही नाहीत. इंधनाच्या नळीवर बसवायची चुंबकेही त्याच पंक्तीतली.

ॲडॉप्टरला बॅटरीतून सतत वीज मिळत असल्यामुळे गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर तो काढून ठेवावा. सर्व्हिसिंगला देतानाही काढावा, कारण मेकॅनिकला ते पोर्ट लागते. आयफोन असणाऱ्यांनी साध्या ब्लूटूथचा नग घेऊ नये, त्यांना वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई असलेला लागेल. दुकानातून घेत असाल तर दुकानासमोरच गाडीत जोडून पाहावा: फेरे, वेग आणि फ्युएल सिस्टिम स्टेटस या तिन्ही नोंदी दिसल्या तरच पैसे द्यावेत.