निसर्गात मिसळलेलं घर: सगळे ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, तक्रारी नंतर. घर आवडलं. पुन्हा बांधायची वेळ आली तर याच धाटणीचं बांधू, फक्त दोन-तीन जागी आर्किटेक्टशी आत्तापेक्षा जास्त भांडू. हे लांबलचक लिहिणं मुख्यतः त्या जागांबद्दल आहे.

घर उतारावर, एकमजली. मागची भिंत पूर्ण आणि बाजूची अर्धी टेकाडाच्या पोटात. छतावर माती आणि गवत. पुढच्या बाजूला लाकडी फळ्यांचं आवरण, बैठकीच्या खोलीला खालपासून वरपर्यंत काच, आणि जागेवर आधीपासून असलेलं एक मोठं झाड न तोडता त्याच्याभोवती फिरवलेला लाकडी ओटा. वरच्या रस्त्यावरून पाहिलं तर घर आहे हे कळत नाही. नवा पाहुणा हमखास पुढे निघून जातो.

अशा घरांच्या फोटोत माती भिंतीला टेकलेली दिसते, झाड थेट लाकडातून उगवल्यासारखं दिसतं आणि फळ्या गवतात बुडालेल्या असतात. राहून बघितल्यावर मात्र लक्षात आलं की आमच्याकडे जे जे बिनतक्रार चाललंय, तिथे मध्ये कुठेतरी फट ठेवलेली आहे: माती आणि भिंतीत, खोड आणि ओट्यात, फळी आणि मागच्या भिंतीत. आणि जिथे फोटोच्या नादात फट बुजवली गेली, तिथे कामं निघाली.

सुरुवात छतापासून, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात: गळतं का? नाही गळत. याचं श्रेय गवताला नाही, त्याच्याखालच्या थरांना आहे. स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा पडदा, त्यावर मुळं अडवणारा थर, मग पाणी वाहून नेणारा खाचांचा बोर्ड, त्यावर माती गाळून धरणारं कापड आणि सगळ्यात वर माती. ही माती बागेतली नसते. भाजलेल्या मातीचे हलके गोळे, विटांचा चुरा असला खनिज माल जास्त आणि सेंद्रिय भाग थोडा. बागेतली माती टाकली तर ती दबते, पाणी धरून बसते आणि वजन वाढवते. आमच्याकडे थर बारा सेंटिमीटरचा आहे. तेवढाच पूर्ण भिजला की चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार होतो; तीस सेंटिमीटर केला तर तीनशे ते साडेचारशे. म्हणून ‘स्लॅब झाली की वर माती टाकू’ हा बेत मनातून काढून टाका. छत हिरवं करायचं हे खांबांचा हिशोब होण्याआधी ठरावं लागतं.

माती पडण्याआधी छतावर दोन दिवस पाणी साठवून चाचणी घेतली होती. कंत्राटदाराने तोंड वाकडं केलं, पण एकदा माती पडली की गळती नेमकी कुठे आहे हे शोधणं म्हणजे सगळं छत पुन्हा उकरणं. यावर तडजोड करू नका.

छताच्या कडेने दोन वीत रुंदीची खडीची पट्टी आहे, गवत तिथे येऊ द्यायचं नाही असा नियम. दिसायला ती पट्टी जरा विजोड वाटते आणि मूळ आराखड्यात ती नव्हतीही. पण पाणी निघून जाण्याची तोंडं त्या पट्टीत आहेत, झाकण उचलून हात घालता येतो, पानं काढता येतात. एक तोंड मात्र गवताखालीच राहिलं. पहिल्या मोठ्या पावसात तिथेच पाणी तुंबलं आणि नंतर तेवढा भाग उकरून खडी भरावी लागली. बाकी छताला वर्षातून दोनदा तण काढणं पुरतं. पाखरं आणि वारा बिया आणून टाकतात, त्यातली झाडांची रोपं लहान असतानाच उपटायची. गवत उन्हाळ्यात वाळून पिवळं पडतं. ज्यांना बारमाही हिरवंगार छत हवंय त्यांनी ठिबकची नळी घालावी. आम्हाला पिवळं चालतं.

जपानमधल्या फुकुओका शहरातल्या आक्रोस या इमारतीबद्दल इथे सांगायलाच हवं. वास्तुकार एमिलिओ आंबाश यांनी १९९५ मध्ये तिची दक्षिण बाजू पायऱ्यापायऱ्यांची बाग करून शेजारच्या उद्यानात उतरवली. सुरुवातीला ७६ जातींची सुमारे ३७,००० झाडंझुडपं लावली होती. पुढे ती १२० जाती आणि ५०,००० पर्यंत गेली, त्यात पाखरांनी आणलेल्या बियांचाही वाटा. ऐकायला फार गोड वाटतं. पण तिथे सांभाळायला माणसं असतात. इटलीत मिलानमधल्या बॉस्को व्हर्टिकाले या दोन मनोऱ्यांचंही तेच: २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतींवर आठशेच्या घरात झाडं आहेत, पण छाटणी रहिवाशांवर सोडलेली नाही. दोराला लटकून काम करणारे माळी येतात. घरगुती पातळीवर हे दोर नसतात, शिडी असते आणि शिडीवर आपण असतो.

आता मागची भिंत. या घराचं सगळ्यात मोठं सुख आणि सगळ्यात मोठं दुखणं एकाच भिंतीत आहे.

सुख असं की जमीन तापायला आणि निवायला फार वेळ घेते. काही मीटर खोलीवर तापमान वर्षभर जवळपास सारखंच राहतं, आणि दोन-तीन मीटरवर बाहेरचा ऋतू एक-दोन महिने उशिरा पोचतो. त्यामुळे कडक उन्हाच्या दिवसांत मागच्या खोल्या थंड असतात आणि थंडीत त्या बोचऱ्या होत नाहीत. पंख्याचा आवाज नाही, रस्त्याचा आवाज नाही. झोप छान लागते.

दुखणं दमट दिवसांचं. बाहेर २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो, २४ अंशांच्या आसपास येतो. भिंतीचा पृष्ठभाग त्याहून गार असला की हवेतलं पाणी तिच्यावर बसणारच. पहिल्या दमट ऋतूत कपाटामागे काळी बुरशी आली, चपलांना कुबट वास येऊ लागला. ज्याने पाहिलं त्याने ‘भिंत पाझरतेय’ असं निदान केलं आणि ‘खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या’ असा सल्ला दिला. त्या सल्ल्याने बुरशी वाढली, कारण बाहेरची दमट हवाच तर पाणी घेऊन येत होती.

खरं तर पाझराची बाजू आमच्याकडे चोख होती. भिंतीच्या बाहेरून वॉटरप्रूफिंग, त्याला चिकटून पाणी खाली सोडणारा खाचांचा बोर्ड, मग खडी, आणि पायाशी सच्छिद्र पाइप जो उतारावर खाली नेऊन मोकळा सोडलाय. टेकाडातून येणारं पाणी भिंतीला टेकायच्या आत वाट मिळून निघून जातं. पाऊस झाला की पाइपाच्या तोंडाशी धार दिसते आणि ती दिसली की बरं वाटतं. धार बंद झाली तर काळजी करायची.

आतल्या पाण्याला मात्र वाट ठेवलेली नव्हती. भिंतीबाहेर उष्णतारोधक थर घातला असता तर पृष्ठभाग इतका गार राहिला नसता. आता तो घालायचा तर टेकाड खणावं लागेल, म्हणून हवेतली ओल शोषणारं यंत्र घेतलं, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि दमट दुपारी मागच्या खोल्यांच्या खिडक्या बंद ठेवतो. बुरशी गेली. यंत्राची टाकी रोज ओतायचं काम मात्र वाढलं. आर्किटेक्टशी भांडण्याच्या जागांमध्ये ही पहिली.

पाण्याशी जमवून घेताना थोरामोठ्यांचीही दमछाक झालेली आहे. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये धबधब्यावरच्या घराचा आराखडा काढला, ‘फॉलिंगवॉटर’, आणि या प्रकारच्या वास्तुकलेचं नाव निघालं की आधी तेच आठवतं. त्याचे पुढे झेपावलेले सज्जे कालांतराने जवळपास १८ सेंटिमीटर वाकले आणि २००२ मध्ये आतून पोलादी तारा ताणून ते सावरावे लागले. वास्तुकार मीस व्हान डर रोह यांचं अमेरिकेतलं फार्न्सवर्थ हाउस १९५१ मधलं. नदीकाठी, जमिनीपासून दीड मीटरहून जास्त उचललेलं. तरी १९५४ च्या आणि १९९६ च्या पुरात पाणी आत शिरलंच. याउलट मला मनापासून आवडणारं उदाहरण वास्तुकार जेफ्री बावा यांच्या कंदलमाचं. श्रीलंकेतलं हे हॉटेल कड्याच्या कुशीत, वेलींनी इतकं झाकलेलं की इमारत कुठली आणि डोंगर कुठला हे सांगता येऊ नये. पण ते खांबांवर उभं आहे आणि पावसाचं पाणी त्याच्याखालून वाहून जातं. बावांनी डोंगराला त्याचं पाणी नेऊ दिलं.

लाकडाबद्दल थोडं. फळ्यांच्या मागे दोन-अडीच सेंटिमीटरची पोकळी आहे, खालून हवा शिरते आणि वरून निघते. त्यामुळे पावसात भिजलेली फळी मागूनही वाळते. रंग पहिल्या काही महिन्यांतच उडू लागला: उन्हाने लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू बांधून धरणारं द्रव्य, तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि खाली रुपेरी राखाडी उरते. हे वरवरचं असतं, लाकूड त्याने कुजत नाही. पण छपराच्या वळचणीखाली पाऊस पोचत नाही, तिथे फळी अजून तपकिरी आहे आणि खाली राखाडी. सगळी भिंत एकसारखी चंदेरी होईल असं सांगितलं गेलं होतं. ते विसरा.

दाराशेजारी मात्र फळ्या थेट मातीपर्यंत उतरवल्या, कारण ‘घर गवतातून उगवल्यासारखं दिसलं पाहिजे’. तिथली खालची टोकं काळी पडून मऊ झाली. आता ती वीतभर कापून खाली दगडाची पट्टी लावलीय. भांडणाची दुसरी जागा ही. लाकडाला जमिनीपासून निदान वीस सेंटिमीटर वर ठेवा, पावसाचे शिंतोडे तेवढे उडतातच.

झाडाचं काम सगळ्यात नेटकं झालं. झाड वाचवायचं म्हणजे खोड वाचवायचं असा अनेकांचा समज असतो, पण जिवाची मुळं वरच्या हात-दीड हात मातीत दूरवर पसरलेली असतात. ढोबळ नियम असा: खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत खोदकाम नको. चाळीस सेंटिमीटर खोड म्हणजे जवळपास पाच मीटर. म्हणून ओट्याखाली पाया खणलाच नाही, स्क्रूसारखे पोलादी खांब मुळं चुकवून जमिनीत पिळले. ओट्यातलं भोक खोडापेक्षा चांगलं वीतभर मोठं आहे आणि भोकाभोवतीचं फळ्यांचं आतलं कडं सुटं करता येतं, म्हणजे झाड जाडावलं की एक कडं काढायचं. वाऱ्यात झाड हलतं, ओटा हलत नाही. पानगळ मात्र भरपूर. ती तुम्हाला आवडत नसेल तर झाडाला मध्ये घेऊ नका, सरळ दूर घर बांधा.

काच. बाहेरचं सगळं आत येतं, खरंय, पण बाहेरच्यांनाही तसंच वाटतं. पाखरं काचेतल्या प्रतिबिंबाला झाड समजून आपटू लागली. एखादं ससाण्याचं चित्र चिकटवून भागत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूला दर पाच सेंटिमीटरवर ठिपके असावे लागतात. ते लावल्यापासून आपटणं जवळपास थांबलं. आतून ठिपके आठवडाभर खुपतात, मग दिसेनासे होतात. तिसरं भांडण इथलं: काच ठरतानाच ठिपके छापून मागवता आले असते.

देखभालीचा एकूण वेळ साध्या घरापेक्षा नक्कीच जास्त. सुट्टीच्या दिवशी कुणी ना कुणी छतावर किंवा गटारात हात घालून असतं. ज्यांना कुलूप लावून महिनोन्‌महिने बाहेर राहायचं असतं त्यांना मी हे घर सुचवणार नाही, दमट ऋतूत परत आल्यावर कपाट उघडवणार नाही. घरात एखादा माणूस चिखलात हात घालायला आनंदाने तयार असेल तर जरूर बांधा.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. वळचणीखालच्या तपकिरी फळ्यांना तसंच राहू द्यायचं की सगळ्या लाकडाला राखाडी तेल लावून एकसारखं करायचं, यावर घरात दोन पक्ष आहेत. तेल लावलं तर दर काही वर्षांनी लावत राहावं लागणार, आणि ते कोण लावणार यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत आहे: समोरचा.